इंधनातील गंधक आणि आयनिक द्रव : एका उत्प्रेरण-मार्गाचा इतिहास

प्रास्ताविक

खनिज तेलातील गंधकाचा प्रश्न तेल-उद्योगाइतकाच जुना आहे. प्रारंभी तेलाची दुर्गंधी घालविणे एवढाच हेतू होता. पुढे यंत्रांची झीज आणि उत्प्रेरकांची विषबाधा टाळण्याची निकड निर्माण झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस हवेच्या शुद्धतेसंबंधीच्या कायद्यांनी या प्रश्नाला त्याचे आजचे रूप दिले. या अखेरच्या टप्प्यात सेंद्रिय गंधक संयुगांचे ऑक्सिडीकरण आयनिक द्रवांच्या साहाय्याने घडवून आणण्याच्या पद्धतीवर जगभरच्या प्रयोगशाळांतून विपुल संशोधन झाले. सामान्य दाब, शंभर अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमान आणि जवळजवळ संपूर्ण गंधक-निष्कासन असे या पद्धतीचे वर्णन शोधनिबंधांतून सातत्याने आढळते. असे असूनही डिझेलच्या शुद्धीकरणाची रूढ पद्धत म्हणून तिला तेलशुद्धीकरण कारखान्यांत स्थान मिळालेले नाही. प्रयोगशाळेतील यश आणि कारखान्यातील अनुपस्थिती यांमधील हे अंतर कसे निर्माण झाले, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. हे अंतर केवळ उद्योगाच्या उदासीनतेमुळे पडले, असे मानण्याची प्रथा आहे. इतिहास पाहता ते मत टिकत नाही.

दुर्गंधीपासून कायद्यापर्यंत

अमेरिकेतील ओहायो राज्यात लिमा येथे १८८५ मध्ये तेलसाठा सापडला. पेनसिल्व्हेनियाच्या गोड्या तेलाच्या तुलनेत हे तेल इतके दुर्गंधीयुक्त होते की, त्यापासून काढलेले रॉकेल दिव्यात जाळणे ग्राहकांना असह्य होई. त्यामुळे हे तेल कवडीमोलाने विकले जाई. हर्मन फ्राश या जर्मनीत जन्मलेल्या रसायनतज्ज्ञाने कॅनडातील अशाच तेलावर काम केले होते. स्टँडर्ड ऑइल कंपनीने त्यास पाचारण केले. तेलाची वाफ तांब्याच्या ऑक्साइडवरून नेल्यास गंधक तांब्याच्या सल्फाइडच्या रूपात अडकून पडतो आणि ते सल्फाइड हवेत भाजले असता ऑक्साइड पुन्हा मिळते, हे त्याच्या पद्धतीचे सार होते. वापरलेला पदार्थ पुन्हा मूळ रूपात आणणे ही या पद्धतीची खरी किमया होती आणि पुढील विवेचनात या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. इंडियाना राज्यातील व्हायटिंग येथील शुद्धीकरण कारखाना याच तेलाच्या भरवशावर उभा राहिला. पुढे याच फ्राशने जमिनीतील गंधक तापलेल्या पाण्याने वितळवून वर काढण्याची पद्धत शोधून काढली आणि १८९४ मध्ये लुइझियानात ती यशस्वी करून दाखविली. एका हाताने तेलातील गंधक काढणारा आणि दुसऱ्या हाताने भूगर्भातील गंधक काढणारा असा हा विलक्षण पुरुष होता.

तथापि आधुनिक तेल-उद्योगाने फ्राशची वाट अनुसरली नाही. १९४९ मध्ये व्लादिमिर हेन्सेल यांच्या संशोधनावर आधारित प्लॅटिनम उत्प्रेरकाची ‘प्लॅटफॉर्मिंग’ ही पद्धत कारखान्यात आली आणि तिने गंधकाच्या प्रश्नाचे अर्थकारणच पालटले. प्लॅटिनमला गंधकाची बाधा होते, म्हणून नॅफ्था आधी गंधकमुक्त करणे भाग पडले. आणि त्याच क्रियेत हायड्रोजन वायू उपपदार्थ म्हणून मोठ्या प्रमाणावर मिळू लागला. गंधक काढण्याची गरज आणि तो काढण्याचे साधन अशा रीतीने एकाच प्रक्रियेतून जन्मास आले. अॅल्युमिनावर बसविलेल्या कोबाल्ट व मॉलिब्डेनमच्या सल्फाइडांवर सुमारे ३०० ते ४०० अंश तापमानास, उच्च दाबाखाली, हायड्रोजनच्या योगे गंधकाचे हायड्रोजन सल्फाइडमध्ये रूपांतर करणे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. हायड्रोजन सल्फाइडपासून मूलरूप गंधक मिळविण्याची क्लाउसची पद्धत १८८३ पासून उपलब्ध होतीच. म्हणजे काढलेल्या गंधकाचे पुढे काय करावे, याचेही उत्तर तयार होते.

या व्यवस्थेस पहिला धक्का कायद्याने दिला. युरोपात डिझेलमधील गंधकाची मर्यादा १९९६ मध्ये ५०० पीपीएम, २००० मध्ये ३५०, २००५ मध्ये ५० आणि २००९ मध्ये १० पीपीएम अशी खाली येत गेली. अमेरिकेने २००६ पासून १५ पीपीएमची मर्यादा लागू करण्यास प्रारंभ केला. भारतात १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत, म्हणजे १०,००० पीपीएमपर्यंत गंधक चालत असे. ताजमहालाच्या परिसराचे प्रदूषण व महानगरांतील हवा यांसंबंधीच्या चळवळींनंतर आणि न्यायालयीन आदेशांनंतर ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत गेली व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या निकषांनुसार ती देशभर १० पीपीएम झाली. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रातील तेल गंधकाच्या दृष्टीने सौम्य आहे. परंतु देशाची गरज प्रामुख्याने आयात तेलावर भागते आणि पश्चिम आशियातील बहुतांश तेल गंधकयुक्त आहे. त्यामुळे मुंबई हायच्या भाग्याचा लाभ भारतीय शुद्धीकरण कारखान्यांना मर्यादितच झाला.

मर्यादा काही शे पीपीएमच्या खाली गेल्यावर रसायनशास्त्राची एक जुनी अडचण उघडी पडली. मर्कॅप्टन, सल्फाइड आणि साधी थायोफिने ही संयुगे हायड्रोजनपुढे सहज नमतात. डायबेन्झोथायोफीनच्या ४ व ६ या स्थानी मेथिल गट असलेले संयुग मात्र चिवटपणे टिकून राहते, कारण हे दोन गट गंधकाच्या अणूस दोन्ही बाजूंनी झाकतात आणि उत्प्रेरकाच्या पृष्ठभागास त्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. शिल्लक राहिलेला थोडा गंधक काढण्यासाठी अधिक दाब, अधिक तापमान, अधिक हायड्रोजन आणि मोठ्या आकाराची क्रियापात्रे लागतात. खर्चाचा आलेख येथे एकदम चढा होतो.

ऑक्सिजनचा पर्याय

ऑक्सिडीकरणाच्या मार्गाचे आकर्षण येथे ध्यानात येते. अलेक्झांडर झायत्सेव या रशियन रसायनतज्ज्ञाने १८६० च्या दशकात डायमेथिल सल्फाइडवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून डायमेथिल सल्फॉक्साइड मिळविले होते. गंधकाला एक ऑक्सिजन जोडल्यास सल्फॉक्साइड व दुसरा जोडल्यास सल्फोन बनतो, हे ज्ञान तेव्हापासूनच्या कार्बनी रसायनशास्त्राचा भाग आहे. औषधनिर्मितीत या क्रियेला वेगळेच महत्त्व आले. तेथे पहिल्या ऑक्सिजनवर थांबणे व तेही दोन प्रतिबिंब-रूपांपैकी एकच रूप मिळविणे हे कौशल्य असते. फ्रान्समध्ये आंरी कागाँ यांच्या व इटलीत मोदेना यांच्या गटाने १९८४ मध्ये दाखविलेली टायटॅनियमची पद्धत पुढे एसोमेप्राझोल या आम्लपित्तावरील औषधाच्या निर्मितीस उपयोगी पडली. इंधनाच्या बाबतीत अशी नाजूकता नको असते. सल्फोनपर्यंत जाणे हेच ध्येय असते, कारण सल्फोन ध्रुवीय असल्याने तेलापासून वेगळा करणे सुलभ होते.

अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, हायड्रोजनला दाद न देणारी संयुगे ऑक्सिडीकारकाला मात्र सहज दाद देतात. ऑक्सिडीकारक गंधकावरील इलेक्ट्रॉनांकडे ओढला जातो. बेन्झिन वलये आणि मेथिल गट यांच्यामुळे गंधकावरील इलेक्ट्रॉन-घनता वाढते. त्यामुळे हायड्रोजन पेरॉक्साइड व फॉर्मिक आम्ल यांच्या क्रियेत डायबेन्झोथायोफीन व त्याची मेथिलयुक्त रूपे सर्वांत आधी, बेन्झोथायोफीन त्यानंतर, तर साधे थायोफीन जवळजवळ मुळीच नाही, असा क्रम आढळतो. हायड्रोजनच्या क्रियाशीलतेचा हा जणू उलटा क्रम होय. एका पद्धतीची दुर्बलता हीच दुसरीचे बळ ठरते, असे उदाहरण उत्प्रेरणशास्त्रात क्वचितच सापडते. १९९७ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी फॉस्फोटंगस्टिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून तेलातील या संयुगांचे ऑक्सिडीकरण साधल्याचे प्रसिद्ध केले. अडचण उरली ती दोन न मिसळणाऱ्या द्रवांची. पेरॉक्साइड पाण्यात असते, गंधक तेलात. दोहोंची भेट घडवून आणणारा मध्यस्थ हवा होता.

आयनिक द्रवांची स्वतंत्र वाट

हा मध्यस्थ ज्या क्षेत्रातून आला, त्याचा गंधकाशी काहीही संबंध नव्हता. आयनिक द्रव म्हणजे संपूर्णतः आयनांचे बनलेले, आणि आजच्या रूढ व्याख्येनुसार १०० अंशांखाली द्रवरूप असलेले लवण. या विषयाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा पाउल वाल्डेन यांच्या १९१४ मधील निबंधापासून केला जातो. त्यांनी वर्णिलेल्या एथिल अमोनियम नायट्रेटचा वितळबिंदू १२ अंश सेल्सियस होता. वाल्डेन यांना नवा विद्रावक नको होता. त्यांचा शोध वितळलेल्या लवणांची विद्युत्‌वाहकता आणि रेणूंचा आकार यांच्यातील संबंधाचा होता. मात्र त्याआधी तीन वर्षे, १९११ मध्ये, कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रफुल्लचंद्र राय व जितेंद्रनाथ रक्षित यांनी अल्किल अमोनियम नायट्राइटांवरील निबंध लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. त्यात एथिल अमोनियम नायट्राइटचाही समावेश होता. नायट्राइट लवणे अस्थिर असल्याने त्यांना विद्रावक म्हणून भवितव्य नव्हते. तरीही या विषयाची कुळकथा सांगताना रायांचे नाव अनेकदा वगळले जाते, ही गोष्ट भारतीय अध्यापकांनी तरी ध्यानात ठेवावी अशी आहे.

वाल्डेन यांच्या लवणाकडे कित्येक दशके कोणी वळून पाहिले नाही. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेक्सासमध्ये फ्रँक हर्ली व टॉमस वीअर यांनी अॅल्युमिनियमचा मुलामा देण्यासाठी अॅल्युमिनियम क्लोराइड व एथिल पिरिडिनियम ब्रोमाइड यांचे द्रवमिश्रण वापरले. १९६० च्या दशकापासून अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत औष्णिक विद्युत्‌घटांसाठी कमी तापमानास वितळणाऱ्या लवणांचा शोध सुरू झाला आणि त्यातून १९८२ मध्ये जॉन विल्क्स व सहकाऱ्यांची इमिडॅझोलियम क्लोरोअॅल्युमिनेटे पुढे आली. ही लवणे हवेतील बाष्पाने बिघडत. १९९२ मध्ये विल्क्स व झावोरोत्को यांनी हवेत व पाण्यात टिकणारी इमिडॅझोलियम लवणे प्रसिद्ध केल्यावर मात्र हा विषय विद्युत्‌रसायनाच्या कोपऱ्यातून बाहेर पडला. दरम्यान १९९० मध्ये फ्रान्सच्या इव्ह शोव्हँ यांनी या द्रवांत निकेल उत्प्रेरक विरघळवून प्रोपीनचे द्विवारिकीकरण साधले होते. शोव्हँ यांना २००५ मध्ये दुसऱ्याच कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन प्रवाहांचा संगम

२००१ मध्ये आखेन येथील व्हासरशाइड व सहकाऱ्यांनी आयनिक द्रव वापरून डिझेलमधील गंधक संयुगांचे निष्कर्षण केल्याचे प्रसिद्ध केले. येथे ऑक्सिडीकरण नव्हते; केवळ विरघळविणे होते. डायबेन्झोथायोफीनला तेल सोडून आयनिक द्रवात जाण्याची ओढ फारशी प्रबळ नसल्याने गंधक पुरेसा खाली आणण्यासाठी निष्कर्षण वारंवार करावे लागे. ही उणीव २००३ मध्ये तैवानमधील संशोधकांनी भरून काढली. आयनिक द्रवात आलेल्या संयुगाचे तेथेच हायड्रोजन पेरॉक्साइड व अॅसेटिक आम्ल यांनी सल्फोनमध्ये रूपांतर केले, की ते तेलात परतू शकत नाही; तेलातून पुढील रेणू आयनिक द्रवात उतरतात आणि समतोल सतत एकाच बाजूस ओढला जातो. केवळ निष्कर्षणाच्या तुलनेत गंधक-निष्कासन सुमारे दहापट वाढले. कल्पना साधी व सुंदर होती.

२००६–०७ नंतर, विशेषतः चीनमधील जिआंग्सु विद्यापीठ व इतर केंद्रांतून, या कल्पनेची असंख्य रूपे पुढे आली. कोठे आयनिक द्रव हा निव्वळ विद्रावक असून टंगस्टन वा मॉलिब्डेनमचे पेरॉक्सो संयुग उत्प्रेरकाचे काम करी. कोठे द्रवाचे धनायन स्वतःच आम्लधर्मी असे. कोठे लोहाच्या क्लोराइडाचे ऋणायन पेरॉक्साइडला चेतवी. या तिन्हींना सरसकट ‘आयनिक द्रव उत्प्रेरक’ असे संबोधले गेल्याने तुलनेत मोठा गोंधळ झाला. पहिल्या प्रकारात श्रेय धातूचे असते व नाव मात्र द्रवाचे होते.

‘हरित’ या विशेषणाची परीक्षा

या संशोधनाचे समर्थन मुख्यतः ‘हरित रसायन’ या संज्ञेच्या आधारे करण्यात आले. आयनिक द्रवांची वाफ होत नाही, म्हणून ते हवेत मिसळत नाहीत. पेरॉक्साइडपासून केवळ पाणी उरते. आणि हायड्रोजन लागत नाही, अशी ही तीन सूत्रे होती. तिन्हींचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे.

पहिल्या सूत्रास २००३ मध्येच तडा गेला. तैवानच्या संशोधकांचा निबंध ‘ग्रीन केमिस्ट्री’ या नियतकालिकाच्या ज्या पाचव्या खंडात आला, त्याच खंडात स्वॅट्लोस्की, होल्ब्रे व रॉजर्स यांचा निबंध होता. आयनिक द्रव नेहमीच हरित असतात असे नाही, हे त्यांनी शीर्षकातच सांगितले. हेक्साफ्लुओरोफॉस्फेट ऋणायनाचे जलविघटन होऊन विषारी व क्षरणकारी हायड्रोजन फ्लुओराइड निर्माण होऊ शकते, हा त्यांचा इशारा होता. गंधकाच्या प्रयोगांत याच ऋणायनाचा द्रव, तोही आम्ल व जलीय पेरॉक्साइडच्या सान्निध्यात, तापवून वापरला जात होता. एकाच खंडातील या दोन निबंधांपैकी पहिल्याची परंपरा वाढली. दुसऱ्याचा उल्लेख प्रास्ताविकापुरता होत राहिला. पुढे २००६ मध्ये काही आयनिक द्रवांचे ऊर्ध्वपातन करता येते, हेही सिद्ध झाले आणि वाफ मुळीच न होण्याची समजूत मागे पडली.

हायड्रोजन लागत नाही, हे सूत्र सर्वांत आकर्षक आणि सर्वांत फसवे आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड उद्योगात प्रामुख्याने अँथ्राक्विनोन पद्धतीने तयार होते आणि तीत प्रत्येक रेणूमागे हायड्रोजनचा एक रेणू खर्ची पडतो. एका गंधक अणूस सल्फोनपर्यंत नेण्यास पेरॉक्साइडचे दोन रेणू, म्हणजे हायड्रोजनचे दोन रेणू लागतात. दुसऱ्या बाजूस डायबेन्झोथायोफीनमधील गंधक हायड्रोजनने थेट काढून बायफेनिल मिळवावयाचे, तर त्यासही हायड्रोजनचे दोनच रेणू लागतात. वलय आधी संपृक्त करण्याच्या वाटेने गेल्यास हा आकडा पाचपर्यंत जातो व चिवट संयुगांच्या बाबतीत तीच वाट प्रमुख असते, हे खरे. तेथे ऑक्सिडीकरणाची बाजू भक्कम आहे. परंतु हायड्रोजनविना गंधकमुक्ती हे वर्णन अचूक नाही. हायड्रोजन येथे शुद्धीकरण कारखान्याबाहेर, दुसऱ्याच कारखान्यात, खर्च झालेला असतो. शिवाय पेरॉक्साइडचा काही भाग क्रियेविनाच विघटित होतो, तो वेगळा.

‘केवळ पाणी उरते’ या सूत्रातील पाणीही निरुपद्रवी नाही. ३० टक्के पेरॉक्साइडाबरोबर ७० टक्के पाणी आधीच येते. ते प्रत्येक फेरीनंतर आयनिक द्रवातून उडवून लावावे लागते व त्यास ऊर्जा लागते.

यापेक्षाही मूलभूत प्रश्न सल्फोनचा आहे. हायड्रोजनच्या पद्धतीत गंधक जातो आणि कार्बनी सांगाडा इंधनातच राहतो. ऑक्सिडीकरणात गंधकासह सांगाडाही जातो. डायबेन्झोथायोफीनचा रेणुभार १८४ असून त्यात गंधकाचा वाटा ३२ आहे. म्हणजे एक किलो गंधक काढताना पावणेसहा किलो संयुग तेलातून जाते. ५०० पीपीएम गंधक असलेल्या एका टन डिझेलमागे सुमारे तीन किलो इंधन आणि शुद्ध रूपात मोजल्यास किमान एक किलोहून किंचित अधिक पेरॉक्साइड खर्च होते. हे आकडे क्षुल्लक वाटतात. पण ५,००० पीपीएमचे तेल घेतल्यास ते दसपट होतात. आणि हाती आलेल्या सल्फोनचे करावयाचे काय? क्लाउसच्या पद्धतीसारखे तयार उत्तर येथे नाही. फ्राशने तांब्याच्या सल्फाइडपासून ऑक्साइड परत मिळविले होते. आयनिक द्रवातून सल्फोन काढून द्रव परत मिळविण्याचा खर्च मात्र बहुतांश निबंधांत हिशेबाबाहेरच राहिला. पाच-सात फेऱ्यांपर्यंत क्रियाशीलता टिकल्याचे सांगून विषय संपविण्याचा प्रघात पडला. अविरत चालणाऱ्या कारखान्याच्या दृष्टीने पाच-सात फेऱ्या म्हणजे काहीच नव्हे.

ही त्रुटी आकस्मिक नाही. तिचे मूळ प्रयोगाच्या रचनेत आहे. बहुसंख्य प्रयोगांत इंधन म्हणून घेतले जाते ते ऑक्टेनमध्ये विरघळविलेले शुद्ध डायबेन्झोथायोफीन, म्हणजेच ‘नमुना तेल’. त्यात खऱ्या डिझेलमधील इतर ॲरोमॅटिक संयुगे नसतात, इंडोल व क्विनोलीनसारखी नायट्रोजनयुक्त संयुगे नसतात. आयनिक द्रव ही दोन्ही आपल्यात ओढून घेतो. पहिल्यामुळे इंधन घटते, दुसऱ्यामुळे उत्प्रेरक गुंततो. द्रवाचा अल्पांश तेलात उतरला तर गंधक काढता काढता नायट्रोजन घातला जातो. नमुना तेलावर ९९ टक्के यश मिळणे हे रसायनाविषयी बरेच सांगते, इंधनाविषयी थोडेच. नवे धनायन, नवे ऋणायन, पुन्हा तेच डायबेन्झोथायोफीन, अशी निबंधांची साखळी तयार झाली. कमी खर्चाची काचपात्रे, वायु-वर्णलेखाचे उपकरण आणि दोन महिन्यांची सवड यांत हा प्रयोग बसतो, आणि अनेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या दृष्टीने ही बाब गैरही नाही. गैर आहे ते अशा प्रयोगाच्या निष्कर्षास औद्योगिक उपाय म्हणून सादर करणे.

आयनिक द्रवांना उद्योगाचे वावडे आहे असेही नाही. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने २००२ मध्ये बॅसिल पद्धतीत त्यांचा उपयोग केला. मलेशियात पेट्रोनासने क्वीन्स विद्यापीठ, बेलफास्टच्या सहकार्याने विकसित केलेला घनाधारित आयनिक द्रव नैसर्गिक वायूतील पारा काढण्यासाठी २०११ पासून वापरला. सॉल्ट लेक सिटी येथील शेव्हरॉनच्या कारखान्यात २०२१ मध्ये हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या जागी आयनिक द्रव उत्प्रेरकाची अल्किलीकरण पद्धत सुरू झाली. शेवटच्या उदाहरणात प्रतिस्पर्धी एक अत्यंत धोकादायक आम्ल होते. डिझेलच्या गंधकापुढील प्रतिस्पर्धी मात्र सत्तर वर्षे घडविलेली, कारखान्याच्या हायड्रोजन-जाळ्यात पूर्ण मुरलेली पद्धत आहे; आणि कायद्याने १० पीपीएमची मर्यादा घातल्यावर उद्योगाने नवा मार्ग न निवडता त्याच पद्धतीचे उत्प्रेरक सुधारले व क्रियापात्रे वाढविली. भारतीय कारखान्यांनीही २०२० पूर्वी तेच केले.

आता या संशोधनाचा रोख काहीसा बदलला आहे. आयनिक द्रव सिलिकासारख्या घनाधारावर बसवून त्याची मात्रा घटविणे, २००३ मध्ये अॅबट व सहकाऱ्यांनी पुढे आणलेली कोलीन क्लोराइड–यूरियासारखी स्वस्त मिश्रणे वापरणे आणि पेरॉक्साइडऐवजी हवेतील ऑक्सिजन वापरणे या तीन दिशांनी प्रयत्न चालू आहेत. यांपैकी तिसरी दिशा यशस्वी झाली तरच हायड्रोजनविना गंधकमुक्ती हे शब्द प्रथमच खरे ठरतील. तसेच जहाजांच्या इंधनातील गंधकाची जागतिक मर्यादा १ जानेवारी २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आल्याने जड तेलांचा प्रश्न ऐरणीवर आला आहे. अशा तेलांवर हायड्रोजनची पद्धत अतिशय खर्चिक ठरते. पण त्यांत गंधकाचे प्रमाणही टक्क्यांत असल्याने सल्फोनबरोबर जाणाऱ्या इंधनाचा वाटा किलोत न राहता क्विंटलांत जातो. एक टक्का गंधक असलेल्या एका टन तेलामागे, साध्या डायबेन्झोथायोफीनच्या हिशेबाने, ५७ किलोंहून अधिक. चार टक्के असल्यास सव्वादोन क्विंटलांच्या पुढे.